नोतेरच्या टेबलावरचा अंतरपाट

तीन मुलं झाल्यावर एके दिवशी मला कळलं की माझं लग्न झालेलंच नाही. ही बातमी मला आमच्या बेटाच्या राजधानीत, पोर लुईतल्या एका कचेरीत टंकलेखन करणाऱ्या बाईनं दिली. यंत्रावरची बोटं न थांबवता, चहात साखर नाही असं सांगावं तसं तिनं ते सांगितलं, आणि पुढची ओळ टाइप करायला घेतली.

आम्ही तिथं घर घ्यायला गेलो होतो. आमच्या सात पिढ्यांत कुणी घर विकत घेतलेलं नव्हतं. बांधलेली होती, वादळात उडालेली होती, दिराशी भांडून सोडलेली होती. विकत घ्यायचं म्हणजे नेमकं काय करायचं असतं, हे आम्हांला विचारणार तरी कुणाला?

सत्तरचं दशक निम्मं सरलं होतं. आम्ही बों अक्योयला मोठ्या दिरांच्या घराच्या मागच्या दोन खोल्यांत राहत होतो. पुढं ऊस, मागं ऊस, मध्ये आम्ही. माझे यजमान साखर कारखान्यात बॉयलरवर होते. मी पहाटेच्या बसनं विणकामाच्या कारखान्यात जायचे आणि परदेशातल्या थंडीसाठी लोकरीचे स्वेटर विणायचे. आमच्या घामाघूम होणाऱ्या बेटावर बसून मी किती जणींना ऊब दिली असेल, देव जाणे! स्वयंपाकघर मात्र जाऊबाईंचं. जाऊबाई वाईट नव्हत्या, पण मिठाचा डबा कुठं ठेवायचा यावरून बायकांची मनं कशी कडू होतात ते ज्यांनी एकत्र चूल पाहिली आहे त्यांना सांगायला नको. मला माझा मिठाचा डबा माझ्या फळीवर हवा होता. एवढंच. बाकी सगळं त्यातूनच पुढं झालं.

घर सापडलं सांत्र द फ्लाकच्या अलीकडच्या वळणावर. लाकडी भिंती, पत्र्याचं छप्पर, निळी दारं, अंगणात लिचीचं झाड. मालकीण एक क्रेओल बाई होती, सरकारी इस्पितळात परिचारिका म्हणून निवृत्त झालेली. मुलगा ऑस्ट्रेलियाला गेला होता आणि आता त्यानं आईचंही तिकीट पाठवलं होतं. तिला निघायची घाई होती, पण घर कुणाला द्यायचं याबद्दल तिचा हट्ट होता. मी लिचीच्या बुंध्याला हात लावून पाहिला तेवढ्यावर तिनं मला पसंत केलं. घराला नाही, झाडाला हात लावणारी बाई तिला हवी होती म्हणे.

"पा कास लातेत," ती हसून म्हणाली. डोकं फोडून घेऊ नका, सगळं नोतेर बघेल.

नोतेर म्हणजे घरा-जमिनीचे करार लिहिणारा कायद्याचा माणूस. तो नसेल तर आमच्या बेटावर अंगणातला दगडसुद्धा एकाचा दुसऱ्याचा होत नाही. आम्हांला वाटलं होतं, पैसे द्यायचे, किल्ली घ्यायची, देवाला नारळ फोडायचा. पण नाही. आधी मोजणीदार आला. त्याच्याकडं लांब साखळी होती आणि उन्हासाठी काळी छत्री. तो कोपऱ्यांत पुरलेले हद्दीचे दगड शोधत फिरला. तीन लगेच सापडले, चौथा कोंबड्यांच्या खुराड्याखाली निघाला. सासूबाई आमच्याबरोबर आल्या होत्या. त्यांनी प्रत्येक दगडाला हळदकुंकू वाहिलं आणि मोजणीदाराच्या कपाळालाही बोट लावलं. तो मुसलमान होता. त्यानं रुमालानं घाम पुसला, पण कुंकू तेवढं सोडून पुसला, हे मी पाहिलं.

मग नोतेरचा माणूस सरकारी दप्तरात जाऊन आला. हे घर खरंच या बाईचं आहे का, तिच्या आधी कुणाचं होतं, कुठं गहाण तर पडलेलं नाही ना, हे तो बघत होता. मला हे फार आवडलं. मुलगी देताना आपण मुलाच्या घराण्याची इतकी चौकशी करत नाही, आणि इथं चार भिंतींची आजी-पणजी काढली जात होती. सगळं स्वच्छ निघालं. मग आम्हांला बोलावणं आलं की आता घेणाऱ्यांचे कागद घेऊन या.

तर त्या टंकलेखन करणाऱ्या बाईनं आमचे जन्माचे कागद घेतले आणि म्हणाली, लग्नाचा?

यजमान म्हणाले, "लग्न भटजींनी लावलं."

"सिविलमध्ये नाही?"

"नाही."

"म्हणजे सेलिबातेर," ती म्हणाली आणि तसं टाइप केलं. सेलिबातेर म्हणजे अविवाहित. मग त्यांच्याकडं वळून विचारलं, "आणि या मादमोआझेलचं नाव?"

मादमोआझेल म्हणजे कुमारी. माझ्या कडेवर धाकटी होती आणि ती माझ्या मंगळसूत्राची वाटी चोखत होती.

यजमानांनी माझ्याकडं पाहिलं. मी त्यांच्याकडं पाहिलं. आमच्याकडं नवराबायको एकमेकांचं नाव घेत नाहीत. मी "अवं" म्हणायचे, ते "गो" म्हणायचे, आणि इतकी वर्षं या दोन हाकांवर आमचा संसार सुरळीत चालला होता. शेवटी त्यांनी माझा जन्माचा कागद बोटानं तिच्याकडं सरकवला. वाचून घ्या म्हणाले.

एवढ्यात आतून स्वतः नोतेर आले. म्हातारे, सडपातळ, गळ्याला टाय, डोळ्यांत मिस्कीलपणा. त्यांनी आम्हांला आत बसवलं आणि क्रेओलमध्ये, बेटावरच्या सगळ्यांच्या बोलीत, अगदी शेजाऱ्याशी बोलावं तसं समजावून सांगितलं. तुमच्या देवापुढं तुम्ही नवराबायको आहात, माझ्या लेखीही आहात, पण कायद्याच्या लेखी नाही. तुमच्यासारखी निम्मी माणसं अशीच येतात. तेव्हा आता तीन वाटा आहेत. एक, घर फक्त यांच्या नावावर घ्यायचं. मग उद्या काही झालं तर बाईंचा त्यावर काडीचा हक्क नाही, कारण त्या यांच्या कुणीच नाहीत. दुसरी, आधी सिविल लग्न करायचं. पण त्याची नोटीस फळ्यावर लावावी लागते, वाट पाहावी लागते, आणि तोवर विकणाऱ्या बाई विमानात बसतील. शिवाय लग्न झालं की कायद्यानं घरादाराचा कारभार नवऱ्याच्या हातात. त्याच्या एका सहीवर घर विकलं जाऊ शकतं.

"आणि तिसरी?" मी विचारलं.

"तिसरी ही की आत्ता जसे आहात तसेच घ्या. दोन अविवाहित सज्ञान माणसं, प्रत्येकाचं निम्मं. मग सावकाश लग्न करा. तुमचं निम्मं तुमचंच राहील. तुमच्या सहीशिवाय त्याला कुणी हात लावू शकणार नाही." ते हसले. "आपल्या कायद्याची ही गंमत आहे, मादाम. कुमारीला जेवढे अधिकार आहेत तेवढे बायकोला नाहीत."

मला तर हसू आवरेना. मंगळसूत्र, जोडवी, तीन मुलं, आणि मी कुमारी! आणि कुमारी असण्यातच माझा फायदा! त्या घरात माझ्या स्वेटरांचे पैसे यांच्या बॉयलरच्या पैशाइतकेच होते, आणि पहिल्यांदाच कुणी तरी ते बरोबरीनं धरत होतं. शुक्रवारी सह्या करायला या, असं सांगून त्यांनी आम्हांला वाटेला लावलं. बसमध्ये मी यजमानांना कोपरानं ढोसून म्हटलं, "अवं, परक्या बाईला चिकटून बसू नका." ते इतके लाजले की खरंच थोडे सरकले.

हसू बों अक्योयपर्यंतच टिकलं.

सासूबाई अंगणात मसुराची डाळ निवडत होत्या. यजमानांनी त्यांना सगळं सांगितलं. सासूबाईंनी सूप खाली ठेवलं.

"आयो! काय म्हनतो तो? सेलिबातेर? माजा पोर सेलिबातेर? दोन राती गोंधळ घातला मी. बकरं नाय कापलं, पन सगला गाव जेवला. आनि ह्यो मिस्ये, ह्यो सायब, म्हनतो लगीनच नाय झालं?"

"आई, कायद्यात..."

"कायद्याक चुलीत घाल! मग ही पोरं काय उसात गावली?"

मुलांना हे फार आवडलं. पुढं कितीतरी दिवस मोठा मुलगा येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होता की आम्ही उसात सापडलो.

त्या संध्याकाळी सासूबाईंनी निकाल दिला. सुनेला कुमारी म्हणून लिहिलेल्या घरात त्या पाऊल टाकणार नाहीत. कागदावर एकट्या मुलाचं नाव घालायचं. म्हणजे सून कुमारी की सवाशीण हा प्रश्नच उठत नाही. देवळात बायका काय म्हणतील, गणपतीला तोंड कसं दाखवायचं, हे सगळं त्यात आलंच. आणि सासूबाईंना मागं ठेवून यजमान कुठंही जाणार नाहीत, हे मला चांगलं ठाऊक होतं. तसे जाणारे असते तर मला ते आवडलेही नसते, पण त्या दिवशी मात्र त्यांची मातृभक्ती डोळ्यांत खुपत होती.

ते माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले, "गो, कागदावर कुनाचंबी नाव असू दे. ऱ्हायाचं तर दोगांनीच ना?"

"मग माजंच असू दे की."

ते अंगणात जाऊन उगाच सायकलची साखळी साफ करत बसले. मला संताप आला होता आणि रडूही आलं होतं, आणि दोन्ही एकदम आलं की मी भांडी घासते. जाऊबाईंची भांडी त्या आठवड्यात आरशासारखी लखलखत होती. नाव नाही तर नाही, मी स्वतःला समजावायचे, मिठाचा डबा तरी ठेवता येईल. मग लगेच वाटायचं की तो डबाही पुन्हा कुणाच्या तरी मेहेरबानीच्याच फळीवर असणार. जाऊबाईंची फळी सोडून यजमानांची फळी. मला माझी फळी हवी होती.

गुरुवारी यजमान म्हणाले की उद्या नोतेरला सांगून माझं नाव खोडून घेतो. माझ्याकडं न बघता म्हणाले. शुक्रवारी सकाळी पाहते तर सासूबाई नऊवारी नेसून, हातात वाकोआच्या पानांची विणलेली पिशवी घेऊन बसथांब्यावर आमच्या आधी उभ्या. त्यांना पोर लुईचं नाव काढलं तरी मळमळायचं, म्हणून पदरात लिंबाची पानं बांधलेली. मी येते म्हणाल्या. त्या मिस्येला मी दाखवते लगीन झालं की नाय ते.

फ्लाकपासून पोर लुईपर्यंत त्या लिंबाची पानं हुंगत होत्या आणि पिशवी छातीशी धरून होत्या. मला वाटलं, आत डाळपुऱ्या असतील. माझं मन मात्र त्या वळणावर अडकलं. निळी दारं बसच्या खिडकीतून मागं गेली आणि मी मान वळवून पाहत राहिले. यजमान खाली बुटांकडं बघत होते.

कचेरीत परिचारिका बाई आधीच येऊन बसल्या होत्या. प्रवासासाठी घेतलेले नवे बूट सवयीचे व्हावेत म्हणून त्यांनी ते आजच घातले होते आणि एक टाच बाहेर काढून बसल्या होत्या. नोतेरनी सगळ्यांना खुर्च्या दिल्या. यजमानांनी घसा साफ केला. ते बोलणार एवढ्यात सासूबाईंनी पिशवीत हात घातला.

डाळपुऱ्या नव्हत्या. आमच्या लग्नातला अंतरपाट होता.

मंगलाष्टकं म्हणताना नवरानवरीच्या मधे धरतात ते कापड. मधे स्वस्तिक, कडांना हळदीचे बोटांचे डाग. मला वाटलं होतं ते केव्हाच कुणाच्या तरी दुपट्यात गेलं असेल. सासूबाईंनी ते करारावर, टाकावर, शाईच्या दौतीवर, सगळ्यावर पसरलं. त्यावर माझ्या आणि यांच्या मुंडावळ्या ठेवल्या. मणी बरेच गळून गेले होते.

"हा बगा कागद," त्या नोतेरना म्हणाल्या. "ह्या बाजूला माजा पोर हुता, ह्या बाजूला ही. मदी ह्ये. मग ह्ये खाली पडलं. म्हंजे लगीन झालं. ल्ही आता."

टंकलेखन करणारी बाई दारातून डोकावली. परिचारिका बाईंनी बूट पायात सरकवला आणि उठून कापड बघायला आल्या. यजमानांचं तोंड हळदीपेक्षा पिवळं झालं होतं. मी मात्र त्या डागांकडं पाहत होते. त्यातला एक माझ्या आईच्या अंगठ्याचा होता.

नोतेर हसले नाहीत. त्यांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला आणि कापडाची कड दोन बोटांनी अलगद उचलून नीट पाहिली. मी ते जे म्हणाले त्याचं मराठी करून सासूबाईंना सांगत होते.

"फार सुंदर आहे," ते म्हणाले. "मादाम, तुमच्या लग्नातलाही असा आहे का?"

"हाय तर. पेटीत हाय."

"आणि आता तुम्ही कुणाच्या घरात राहता?"

"थोरल्याच्या."

"त्याआधी?"

"आमची जमीन हुती," त्या म्हणाल्या. "कार्तिए मिलितेरच्या अंगाला. ऊस लावला हुता आमी दोगांनी. दगडं मी उचलली. ढीग घातले दगडांचे."

"ती कुठं गेली?"

ही गोष्ट आमच्या घरात सगळ्यांना माहीत होती. सासरे गेले आणि त्यांच्या भावानं जमीन लाटली. सासूबाई दोन मुलांना घेऊन बाहेर पडल्या. नशीब म्हणून त्या ती सांगायच्या, आणि भावाला शिव्या देऊन संपवायच्या. त्या दिवशीही त्यांनी भावापासूनच सुरुवात केली. मग मधेच थबकल्या. अंतरपाटाकडं बघत सावकाश म्हणाल्या, "मी कचेरीत गेलते. तिथला म्हनला, तू कोन? मी म्हनलं, बायको. तो म्हनला, कागद? पोरांच्या जन्माच्या कागदावरबी बापाची सही नव्हती. बाप ऊसतोडनीवर हुता, जन्म माज्या भावानं नोंदवला. मग तो कचेरीतला म्हनला, तू कोन नाय."

मी हे शब्दाला शब्द मराठीतून क्रेओलमध्ये सांगितलं. ही शेवटची ओळ आम्हांला कुणालाच माहीत नव्हती. यजमानांनाही नाही. इतकी वर्षं त्यांनी ती सासऱ्यांच्या भावाला दिलेल्या शिव्यांखाली झाकून ठेवली होती.

पंख्याच्या वाऱ्यानं मुंडावळ्यांचे सुटे मणी कापडावर थोडे थोडे घरंगळत होते.

सासूबाईंनी ते मणी गोळा करून पदराच्या गाठीत, लिंबाच्या पानांबरोबर बांधले. अंतरपाट झटकला, घडी घातली, पिशवीत ठेवला. मग खुर्चीत ताठ बसल्या.

"ल्ही," त्या म्हणाल्या. "कुवारी ल्ही. काय ल्ह्याचं त्ये ल्ही. पन हिचं नाव घाल." मी भाषांतर करत होते तोच त्यांनी हात वर केला. "आनि पोराच्या आदी घाल. पोराला माय हाय, त्याचं काय बी अडत नाय."

नोतेर म्हणाले, नावं कुठल्याही क्रमानं घातली तरी कायद्याची काही हरकत नाही. पहिलं पान पुन्हा टाइप करावं लागलं. टंकलेखन करणारी बाई या वेळी भराभर बोटं आपटत होती आणि गालात हसत होती. परिचारिका बाईंनी सासूबाईंना पेपरमिंट दिलं. सासूबाईंनी त्यांना त्यांच्या बुटांना आतून मेणबत्ती घासायला सांगितलं, म्हणजे टाच सोलत नाही. मी दोन्हीकडून भाषांतर करत होते आणि माझे डोळे वाहत होते, आणि कुणी तिकडं लक्ष देत नव्हतं हे बरंच झालं.

मग नोतेर उभे राहिले आणि करार मोठ्यानं वाचला. तसा नियमच आहे, सगळ्यांच्या कानावर पडल्याशिवाय सही घेता येत नाही. फ्रेंच मी शाळेत थोडं शिकले होते, पण इतकं लांबलचक आणि रुबाबदार कधी ऐकलं नव्हतं. आधी माझ्या वडलांचं नाव, आईचं नाव, मग माझं, मग सज्ञान, अविवाहित, राहणार बों अक्योय, खरेदी करणार. मग यांचं, तेही सज्ञान, अविवाहित. मग घराच्या चारी बाजू, कुठल्या बाजूला रस्ता, कुठल्या बाजूला ऊस, कुठल्या कोपऱ्यात कुठला दगड. खुराड्याखालच्या दगडाचा उल्लेख आला तेव्हा सासूबाईंनी हात जोडले. प्रत्येक पानाच्या कोपऱ्यावर आम्ही छोटी सही केली आणि शेवटी मोठी. मी सही करताना यजमान वाकून बघत होते. "चांगलं अक्षर हाय गो तुजं," ते म्हणाले. एवढ्या वर्षांत त्यांनी ते पाहिलंच नव्हतं.

बसमध्ये परत येताना ते माझ्याशेजारी बसले. फ्लाक जवळ आल्यावर म्हणाले, "मी खोडाया निगालो हुतो." मी म्हटलं, "म्हाईत हाय." सासूबाई पुढच्या सीटवर लिंबाची पानं नाकाशी धरून झोपल्या होत्या. वळणावर निळी दारं आली तेव्हा मी त्यांना उठवलं नाही, पण त्यांनी आपणच डोळे उघडून पाहिलं.

करार पुढं सरकारी दप्तरात नोंदवायला गेला. शिक्क्यांनी भरलेली आमची प्रत आली तोवर लिचीला मोहर आला होता. सिविल लग्नही झालं. फ्लाकच्या कचेरीत, आमची तिन्ही मुलं पहिल्या बाकावर वऱ्हाडी. अधिकाऱ्यानं यजमानांना विचारलं, ही बायको म्हणून कबूल आहे का, तर म्हणाले, विचार करून सांगतो. मोठ्या मुलानं घाबरून रडायलाच सुरुवात केली. सासूबाईंनी तिथंही अंतरपाट धरायला लावला. अधिकारी म्हणाला, याची आवश्यकता नाही. "तुमाला नसंल," सासूबाई म्हणाल्या.

पण ते सगळं नंतर. लग्नाची नोटीस अजून फळ्यावर होती तेव्हाच आम्ही घरात राहायला गेलो, कारण परिचारिका बाई विमानात बसल्या होत्या आणि कोंबड्यांकडं बघायला कुणी नव्हतं. तो दिवस मला आज म्हातारपणीही जसाच्या तसा दिसतो.

घरात शिरताना नव्या सुनेनं उंबऱ्यावरचं तांदळाचं माप उजव्या पायानं लवंडायचं असतं. मी एकदा ते दिरांच्या घरी लवंडलं होतं, म्हणून मला वाटलं, आता फक्त नारळ आणि कलश. पण सासूबाईंनी सकाळीच येऊन निळ्या दारात रांगोळी काढली होती, आणि उंबऱ्यावर तांदळानं भरलेलं माप. मी पदर सावरून पाय पुढं केला तर त्यांनी माझा दंड धरला.

"तू नाय," त्या म्हणाल्या, आणि मला मापाच्या बाजूनं सरळ आत घेतलं. मग दारात आडव्या उभ्या राहिल्या. बाहेर यजमान डोक्यावर पेटी घेऊन उभे होते, मागं मुलं, त्यांच्यामागं जाऊबाई आणि निम्मं बों अक्योय.

"पेटी खाली ठेव," सासूबाई मुलाला म्हणाल्या. "घरात ही आदी आली. तू मागनं येतोस. माप तू वलांड."

"आई, लोक हसतील."

"हसू दे. आनि नाव घे हिचं. नावाबिगर आत सोडनार नाय."

नवऱ्यानं बायकोचं नाव घ्यायचं! जाऊबाईंनी पदर तोंडात कोंबला. यजमान घामानं डबडबले. त्यांना उखाणा कुठला येणार? त्यांनी पत्र्याकडं पाहिलं, लिचीकडं पाहिलं, माझ्याकडं पाहायचं टाळलं. मग एकदम ताठ उभे राहून, डोळे मिटून, नोतेरच्याच सुरात सुरू झाले. माझ्या वडलांचं नाव, माझ्या आईचं नाव, मग माझं. स्वच्छ, मोठ्यानं, पहिल्यांदाच. "सज्ञान," ते म्हणाले, "अविवाहित, राहणार बों अक्योय, खरेदी करणार पहिली."

अंगणात हसण्याचा असा कल्लोळ झाला की कोंबड्या खुराड्यातून उडाल्या. मीही हसत होते. सासूबाई मात्र हसल्या नाहीत. त्या मुलाकडं बघत तशाच दारात उभ्या होत्या.

"परत घे," त्या म्हणाल्या.

हसणं थांबलं. यजमानांनी डोळे उघडले. या वेळी बाकीचं सगळं गाळून त्यांनी फक्त माझं नाव घेतलं, माझ्याकडं बघून. मग उजवा पाय पुढं केला, माप लवंडलं, तांदूळ घरभर पसरले, आणि सासूबाई दारातून बाजूला झाल्या.